बार्बाडोसला गाडी कोण चालवणार

रियाधच्या ओलाया भागातल्या ऑफिसात, ज्या आठवड्यात काढून टाकायच्या परदेशी माणसांची यादी तयार झाली, त्याच आठवड्यात नसरुद्दीन हमदुलेला बार्बाडोसला चलण्याचं बोलावणं आलं.

नसरुद्दीन म्हसळ्याकडचा. पोटापाण्यासाठी तेविसाव्या वर्षी रियाधला आला तो तिथलाच होऊन गेला. इकामा, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, ऑफिसच्या नावावर; हुद्दा शिपायाचा. पण खरं काम कफिलाच्या, म्हणजे तो परवाना काढून देणाऱ्या मालकाच्या, घरची गाडी चालवण्याचं. कफिलाचं नाव अबू माजिद. घरातले सगळे नोकर त्यांना 'बाबा'च म्हणत. अल मलाझमधल्या जुन्या बंगल्यातून बाबांना ऑफिसला न्यायचं, त्यांच्या बायकोला, म्हणजे मदामना, बाजारात न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं, यात सव्वीस वर्षं गेली. मोठी मुलगी नबीला पहिलीत होती तेव्हापासून त्याच्या गाडीत बसत आलेली. आता ती दातांची डॉक्टर झाली होती, आणि वर्षभरापूर्वी बायकांना परवाना मिळायला लागला तशी स्वतःची गाडी स्वतः चालवत होती.

म्हणजे घरातलं नसरुद्दीनचं काम आधीच निम्मं झालं होतं. त्यात सरकारचा नियम आला की ऑफिसांनी आपल्या देशाची माणसं वाढवायची, परदेशी कमी करायची. ऑफिसातले दोन केरळी कारकून गेल्या महिन्यात गेले. नव्या यादीत आपलं नाव आहे हे नसरुद्दीनला चहावाल्याकडून कळलं. त्यामुळे बाबांनी बैठकीच्या खोलीत बोलावलं तेव्हा तो मनाची तयारी करूनच गेला.

बाबा मात्र दुसरंच बोलले. धाकटा माजिद बार्बाडोसला डॉक्टरकी शिकत होता. त्याचा पदवीदान समारंभ होता आणि सगळं कुटुंब दोन आठवडे तिकडे जाणार होतं. बाबांचा गुडघा धड नव्हता, मदामना अनोळखी माणसाच्या गाडीत बसायची भीती वाटे.

"तिथे गाडी भाड्याने घ्यायची," बाबा म्हणाले. "पण ते लोक डाव्या बाजूने चालवतात. मला या वयात ते जमणार नाही. तू हिंदी माणूस. तुमच्याकडे डावीकडूनच चालवतात ना?"

"होय, बाबा."

"मग झालं. तू आमच्याबरोबर चल. परत आलो की तुझा इकामा ऑफिसच्या नावावरून काढून घरच्या नावावर करतो. यादीची काळजी सोड."

नसरुद्दीन 'बरं' म्हणून बाहेर आला. बार्बाडोस हे नाव त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागायची तेव्हा ते नाव आलं की वडील कान टवकारत. त्या बेटावर आपल्याला कोणी घेऊन जाईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दुसरा एखादा असता तर त्याने लगेच घरी फोन लावला असता. नसरुद्दीन गाडी पुसत बसला.

माजिदने तिकडून भाड्याच्या गाडीचे नियम पाठवले होते. दुसऱ्या दिवशी नबीलाची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून नसरुद्दीन तिला दवाखान्यात सोडायला निघाला. शेजारच्या सीटवर बसून ती ते कागद मोठ्याने वाचत होती आणि त्याला अरबीत सांगत होती.

"बाहेरून येणाऱ्याला आपला परवाना दाखवून तिथला पाहुण्यांचा परवाना काढावा लागतो. गाडी भाड्याने देणारेच काढून देतात. पट्टा बांधलाच पाहिजे. शहरात चाळीस, बाहेर साठ, मोठ्या रस्त्यावर ऐंशी. एवढंच? आपल्याकडे तर ऐंशीला लोक मागून दिवे मारतात." ती हसली. "भाड्याच्या गाडीच्या नंबराआधी एच असतो, म्हणजे पाहुणा चालवतोय हे सगळ्यांना लांबूनच कळतं. चौकात गोल असेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि हे बघ, माजिदने स्वतः खाली लिहिलंय. रस्ता रिकामा असेल तेव्हा जास्त जपायचं. समोर गाडी असली की माणसाला बाजू आठवते. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना विसरायला होतं."

नसरुद्दीनने ब्रेक दाबला. पुढे काही नव्हतं. मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

"काय झालं?" नबीलाने विचारलं.

"काही नाही. मांजर होतं."

बाबांनी हुकूम दिला की जाण्याआधी सराव करायचा. मग शुक्रवारी सकाळी नमाजाच्या वेळेपर्यंत मोकळा वेळ होता तेव्हा नबीला आणि तो शहराबाहेर गेले. तिथे प्लॉट पाडून ठेवलेली मोठी जागा होती. डांबरी रस्ते झालेले, घर एकही नाही. नबीलाने पाण्याच्या बाटल्या मांडून मधोमध गोल चौक केला. सुरुवातीला नसरुद्दीनने तिला चालवायला दिलं. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट डावीकडून वळली आणि खूश झाली.

"आता तू," ती म्हणाली. "तुझ्या तर हाडात असेल."

तो स्टिअरिंगवर बसला. चार फेऱ्या त्याने निर्दोष मारल्या. डावी बाजू, उजवीकडे बघणं, सगळं. मग नबीला म्हणाली, "तिकडे त्या कुंपणाच्या फाटकातून बाहेर निघ. पेट्रोल भरून बाहेर पडतोय असं समज." आणि ती फोनवर आलेला काहीतरी निरोप वाचून त्याला सांगू लागली. तो तिचं ऐकत फाटकातून बाहेर पडला. वीस-पंचवीस पावलं गाडी गेली असेल. सांगता सांगता नबीला एकदम थांबली.

"नसर," ती म्हणाली, "आपण उजवीकडे आहोत."

त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. नबीलाला वाटलं त्याला बरं नाही. तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही.

"मी हिंदुस्तानात गाडी शिकलोच नाही," तो म्हणाला. "इथे शिकलो. तिकडे आयुष्यात एकदाच चालवली. अकरा वर्षांपूर्वी."

मग त्याने तिला जे सांगितलं ते त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

त्या वर्षी तो सुटीवर गेला होता. मोठ्या बहिणीच्या, शरफुन्निसाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बहिणीचे यजमान कादिरभाई म्हणाले, माणगावला जाऊन कपडे आणू. नसरुद्दीन सौदीत ड्रायव्हर, त्यामुळे गावातल्या एकाने हौसेने आपली गाडी दिली. सबंध दिवस त्याने जीव मुठीत धरून डावीकडून चालवली. येताना पंपावर पेट्रोल भरलं. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. कादिरभाई मुलीच्या सासरच्यांची काहीतरी गंमत सांगत होते. नसरुद्दीन हसत हसत बाहेर पडला आणि हातांनी पंधरा वर्षांच्या सवयीने उजवी बाजू धरली. पुढच्या वळणावर समोरून टेम्पो आला.

"टेम्पोवाल्याने आम्हाला वाचवायला टेम्पो दुसऱ्या बाजूला मारला," तो म्हणाला. "त्याने वळवलं म्हणून मी तरी आज जिवंत आहे. माझे हात घाबरून अजून उजवीकडेच गेले. त्यामुळे डावं दार त्याच्या तोंडी आलं. त्या बाजूला कादिरभाई बसले होते."

नबीलाने हातातला फोन खाली ठेवला.

"आमची गाडी गरगर फिरून कुठल्या कुठे फेकली गेली. लोक जमले तेव्हा टेम्पो त्याच्या उलट्या बाजूला उभा होता. सगळे म्हणाले, टेम्पोवाला चुकीच्या बाजूने आला. पोलिसांनी मला दवाखान्यात विचारलं. माझी सुटी संपायला नऊ दिवस होते. माझ्यावर केस झाली असती तर पासपोर्ट अडकला असता, इकामा संपला असता. मी म्हटलं, होय, तो चुकीच्या बाजूने आला."

"आणि तो माणूस?"

"बाळाराम त्याचं नाव. तो ओरडून खरं सांगत होता. त्याच्या टेम्पोत जास्त माल भरलेला होता, म्हणून कोणी ऐकलं नाही. कोर्टात मी इथून गेलो तेव्हा पुन्हा तेच बोललो. शपथ घेऊन. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याने ती भोगली."

मांडलेल्या बाटल्यांपैकी दोन वाऱ्याने आडव्या झाल्या होत्या.

"तुझ्या बहिणीला माहीत आहे?" नबीलाने विचारलं.

"नाही."

ती त्याला धीर देणारं काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं होतं. लहानपणी तिचं ढोपर फुटलं की तो तिला असाच धीर द्यायचा. पण ती खाली उतरली, बाटल्या गोळा केल्या आणि त्याच्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "पलीकडे सरक. मी चालवते. बार्बाडोसलाही मीच चालवीन. पण बाबांना तू सांग. मी सांगणार नाही."

नसरुद्दीनने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी दुपारी बाबा एकटे असताना तो बैठकीत गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर बाबांनी त्याला खाली बसायला सांगितलं, जे सव्वीस वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"चुकून माणूस मेला तर सलग दोन महिने रोजे धरायचे असतात," बाबा म्हणाले. "तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. मी धरले नाहीत. धरले असते तर लोकांनी विचारलं असतं, कशाचे रोजे."

"आणि ते झाले तरी बाकी उरतंच. मेलेल्याच्या घरच्यांनी माफ करायचं असतं. त्यांना माहीतच नाही, तर ते माफ काय करणार?" बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "त्या दुसऱ्या माणसाचं तर मला काही सांगताच येत नाही. तुरुंग चुकून झालेला नाही."

नसरुद्दीनने मान खाली घातली.

"तू माझी मुलं नेली-आणलीस," बाबा पुढे म्हणाले. "त्यांच्या केसाला धक्का लागला नाही. ते मी विसरणार नाही. नबीला म्हणते ती चालवेल. तुला हवं तर तू इथेच राहा, मी इकामा घरच्या नावावर करतो. मी बोललेलं मागे घेत नाही."

हे नसरुद्दीनने मनात धरलंच नव्हतं. तो 'चालता हो' ऐकायला आला होता. इकामा हातात येतोय म्हटल्यावर क्षणभर त्याचं मन जुन्याच वाटेने धावलं: आणखी पाच वर्षं, मग बघू. अकरा वर्षं तो हेच म्हणत आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "मला खुरूज द्या." खुरूज म्हणजे कायमचं जाणं, पासपोर्टवर तो शिक्का बसला की त्या इकाम्यावर परत येणं नाही.

बाबांनी विचारलं, "खलास?"

"खलास."

कागदपत्रं व्हायला दोन महिने लागले. त्याने ते दोन महिने रोजे धरले. उन्हाळा होता, रियाधचा जून-जुलै. तरी दर शुक्रवारी सकाळी तो नबीलाबरोबर त्या मोकळ्या प्लॉटवर जात राहिला. तोंड कोरडं पडलेलं असे, पण तो तिच्या शेजारी बसून प्रत्येक वळणाला सांगे, "बाहेर पडण्याआधी थांब. बोलणं बंद कर. कोणती बाजू ते मोठ्याने म्हण, मग पाय उचल." नबीला मोठ्याने म्हणे, "डावी." पन्नास वेळा, शंभर वेळा. तिला कंटाळा आला तरी तो सोडत नसे. घरची मंडळी बार्बाडोसला गेली तेव्हा त्याने विमानतळावर बॅगा उतरवून दिल्या. दोन आठवड्यांनी सगळी सुखरूप परत आली. नबीलाने सांगितलं की पहिल्या दिवशी एका बसवाल्याने तिला भोंग्यावर भोंगे दिले, बाकी काही झालं नाही. मदाम मागच्या सीटवर झोपून जायच्या म्हणे.

जायच्या दिवशी नबीलाच त्याला विमानतळावर सोडायला आली. उतरताना ती म्हणाली, "घरी पोचल्यावर आधी झोप काढू नकोस. आधी बहिणीकडे जा. झोपलास तर राहून जाईल."

"जातो," तो म्हणाला.

तो गेला. बायको, मैमुना, स्टँडवर घ्यायला आली होती. तिला त्याने रस्त्यातच सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली, मग उठली आणि म्हणाली, "चला. मीपण येते."

शरफुन्निसा ओसरीवर तांदूळ निवडत होती. साठी उलटलेली, कादिरभाईंच्या मागे तिने तीन मुलांची लग्नं करून दिली होती. भाऊ कायमचा आला म्हणून ती आनंदाने उठायला लागली.

"बस, आपा," नसरुद्दीन म्हणाला. "मला आधी बोलू दे."

त्याने पंपापासून सुरुवात केली. कादिरभाई काय गंमत सांगत होते तेही सांगितलं, कारण त्यांचं शेवटचं बोलणं बहिणीला कधी कळलंच नव्हतं. शरफुन्निसाचा हात तांदळात तसाच राहिला. तो थांबला तेव्हा तिने विचारलं, "त्यांना त्रास झाला?"

"नाही. लगेच गेले."

"हे तरी खरं आहे ना?"

"खरं आहे, आपा."

ती रडली नाही. सूप बाजूला सारून भिंतीला टेकून बसली. "मरण त्यांचं लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या हातून आलं, तर तुझ्या हातून. ते मी तुला माफ करीन, आज नाही, पण करीन. पण नसरू, अकरा वर्षं मी प्रत्येक नमाजानंतर त्या टेम्पोवाल्याला शिव्याशाप दिले. त्याचं वाटोळं होऊ दे म्हटलं. त्याची बायको एकदा माझ्या दारात येऊन उभी राहिली होती, माझा माणूस निर्दोष आहे म्हणून. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ते सगळं आता मी कुठे ठेवू?"

अकरा वर्षांत स्वतःच्या खोटेपणाचा नसरुद्दीनने पुष्कळ विचार केला होता. पण आपल्या खोट्याने बहिणीलाही त्यात ओढलं हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"त्याचं घर कुठे आहे?" शरफुन्निसाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रिक्षाने बाळारामच्या वाडीवर गेली. टेम्पो केव्हाच विकला गेला होता. परवाना गेल्यावर बाळारामला कोणी गाडीवर ठेवलं नाही. तो आता एका आंब्याच्या बागेत राखणीला होता. दारात त्याची बायको सत्यभामा उभी होती. तिने शरफुन्निसाला ओळखलं आणि ती दारातून हललीच नाही.

"ताई," शरफुन्निसा म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी खरं बोलत होता. मी ऐकलं नाही. मी माझे शब्द परत घ्यायला आलेय."

सत्यभामाने तिच्या मागे उभ्या असलेल्या नसरुद्दीनकडे पाहिलं. मग आत जाऊन नवऱ्याला उठवलं.

बाळाराम बनियनवरच बाहेर आला. माणूस सुकून गेला होता. नसरुद्दीन बोलायला लागला, तसा त्याने हात वर केला.

"मला नका सांगू. मी बघितलंय सगळं. तुमचे दोघांचे चेहरे दिसत होते मला काचेतून. तुम्ही हसत होतात." तो पायरीवर बसला. "कोर्टात तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. वाटलं, आता सांगतील. आता सांगतील."

"माझी चूक झाली, बाळारामभाऊ."

"चूक रस्त्यावर झाली. कोर्टात नाही." बाबांनी रियाधमध्ये जवळपास हेच म्हटलं होतं, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. "माझ्या मुलीला तीन ठिकाणाहून नकार आला. बाप माणूस मारून तुरुंगात जाऊन आलाय म्हणून. मी माफ केलं म्हणून ते मिटणार आहे का? तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर लिहून द्या. सही करून. कोर्टात."

मैमुनाने नवऱ्याच्या दंडाला धरलं.

"लिहून देतो," नसरुद्दीन म्हणाला.

तालुक्याच्या वकिलाने त्याला दोनदा विचारलं, शुद्धीवर आहात ना. निकाल लागून शिक्षा भोगून झालेली केस पुन्हा उघडायची म्हणजे वरच्या कोर्टात अर्ज करावा लागेल, त्याला वर्षं लागतील. आणि हे प्रतिज्ञापत्र एकदा दिलं की खोट्या साक्षीचा गुन्हा तुमच्यावर येईल, अपघाताचाही येऊ शकतो. नसरुद्दीन म्हणाला, माहीत आहे. त्याने रियाधमध्ये नबीलाला सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं मराठीत सांगितलं आणि टायपिस्टने ते टाइप केलं. त्याने खाली सही केली. साक्षीदार म्हणून शरफुन्निसाने अंगठ्याशेजारी आपलं नाव लिहिलं. तिला तेवढंच लिहिता येत होतं.

बाळारामने त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. ती त्याने चार घड्या करून खिशात ठेवली, परत काढली, वाचली, आणि पुन्हा ठेवली. वकिलाच्या ऑफिसबाहेर चहाची टपरी होती. तो नसरुद्दीनबरोबर चहा प्यायला थांबला नाही. पण रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर मागे वळून म्हणाला, "पुढची तारीख कळली की सांगा. मी येईन."

तारीख पुढच्या महिन्याची मिळाली. नसरुद्दीनने स्वतः वाडीवर जाऊन सांगितली.